अकरा वर्षांचा नर

हंगामाच्या शेवटच्या दिवशीही म्हातारा नर दिसला नाही, तेव्हा पाहुण्याने दुर्बीण खाली ठेवली आणि तो नियत वलीकडे बघत राहिला.

समोरच्या कड्यावर आठ मारखोर, डोंगरातले रानबोकड, चरत होते. पीळदार शिंगं उन्हात चमकत होती. पण त्यांतला सगळ्यात मोठा नर सहाच वर्षांचा.

नियत वली नऊ वर्षं गावाचा राखणदार होता. त्याआधी ज्याला हवं तो बंदूक घेऊन डोंगरावर चढायचा आणि मारखोर संपत आले होते. मग गावाने शिकार सोडली. बदल्यात सरकार दर हिवाळ्यात एका म्हाताऱ्या नराचा परवाना विकायचं, आणि त्या पैशातला मोठा वाटा गावाला मिळायचा. मुलींची शाळा त्यावरच उभी होती. मोजणी नियतच करायचा. उन्हाळ्याच्या शेवटी त्यानेच लिहून दिलं होतं : नर एक, वय अकरा.

यंदाचा परवाना विकत घेतलेला पाहुणा मेंदोसा साठी ओलांडलेला. गुडघे धरले होते, पण तक्रार नव्हती. गिलगिटहून आलेल्या दुभाष्याकरवी त्याने विचारलं, हा सहा वर्षांचा का नको?

गावचा मुखिया, लंबरदार गुल अमान, नियतच्या कानाशी लागला. आज शिकार झाली नाही तर पुढचा परवाना शेजारच्या खोऱ्याला जाणार होता.

"नऊ वर्षांचा आहे म्हण. तुझ्या शब्दाबाहेर कोण आहे?"

"शिंगाच्या वळ्या कुणालाही मोजता येतात, चाचा."

"शाळा बंद पडली की पोरींना तू शिकवणार आहेस का?"

नियतला बसवेना. खालच्या घळीत बघून येतो म्हणाला आणि जवळजवळ धावतच उतरला. वर आला, धाप लागलेली असतानाच दुसऱ्या घळीत गेला. पलीकडच्या खोऱ्यातून एखादा आला असेल, असं पुटपुटत होता. तीन दिवस त्याचं हेच चाललं होतं. अन्नावर वासना नव्हती.

तो परतला तेव्हा मेंदोसाने सहा वर्षांच्या नरावर नेम धरला होता. नियत सरळ नळीसमोर जाऊन उभा राहिला.

"हा नाही. कळप याच्यामुळेच वाढणार आहे."

नळी हळूहळू खाली झुकली. मग मेंदोसाने गोळी काढून खिशात टाकली. दुभाष्याने त्याचं म्हणणं सांगितलं : इतका प्रामाणिक राखणदार आपण कुठेच पाहिला नाही. पैसे परत नकोत, आणि परवाना याच गावाकडे राहावा असं तो स्वतः सरकारला लिहील.

गावात पोचल्यावर लंबरदाराने सगळ्यांना गोळा केलं, घडलं ते सांगितलं आणि अंगावरचा लोकरी चोगा काढून नियतच्या खांद्यावर घातला. नियतने मान वर केली नाही. नमकीन चहाही न घेता तो घरी निघाला.

बाबा चुलीपाशी बसले होते. एकेकाळचे नावाजलेले शिकारी. शरदात साऱ्या गावाने त्यांची आशा सोडली होती.

"सापडला का त्यांना?"

"नाही."

बाबांनी थाळी त्याच्याकडे सरकवली.

"घे. मरताना मी मारखोराचं मांस मागितलं म्हणून तू तो म्हातारा नर मारून आणलास, आणि मी उठून बसलो. हा त्याचा वाळवून ठेवलेला शेवटचा तुकडा."