उजवीकडचे ठिपके

“पॉझिटिव हाय,” धोंडूने सांगितलं आणि बहिणीकडे न बघता कागद भावोजींच्या हातात दिला.

मालनने दवाखान्याच्या खाटेखालची पिशवी ओढली. रात्रभर एस्टीत बसून भावाने मुंबईहून हेच आणलं होतं तर. गेल्या साली शेजारणीची थुंकी क्षयाला पॉझिटिव्ह आली, तेव्हा तिचं ताट-वाटी वेगळं झालं होतं. इथे तर रक्ताचा कॅन्सर. खाटेवर राही झोपली होती. सात वर्षांची पोर, पण अंगात उशीएवढाही भार उरला नव्हता. मालनने तिचे परकर-पोलके पिशवीत भरायला घेतले.

“काय करतंस?” भागोजीने विचारलं.

“घरी नेऊया. अख्ख्या गावाला कौल लावून देता. पोटच्या पोरीसाठी हात धजला नाय तुमचा.”

भागोजी गावच्या देवीचा गुरव. देवीच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून त्याने जन्मभर लोकांची गाऱ्हाणी मांडली होती. उजवी पडली की देवीचा होकार, डावी पडली की नकार. राहीसाठी मात्र त्याची छाती झाली नव्हती. डावी पडली असती, तर पुन्हा त्या गाभाऱ्यात पाऊल टाकवलं नसतं.

तेवढ्यात डॉक्टर कनीज काझी फेरीला आल्या. भरलेली पिशवी बघून थबकल्या.

“कुठे निघालात?”

“पॉझिटिव आलाय ना,” मालन पुटपुटली.

“अगं बाई, तेच तर हवं होतं आपल्याला.” त्या खाटेच्या कडेला टेकल्या. कागद उलगडला. “दुर्बिणीखाली हिच्या पेशी सगळ्या सारख्याच दिसत होत्या. रोग कुठल्या जातीचा, कळेना. म्हणून हाडातला मगज मुंबईला धाडला. कीर्तन संपलं की बुवा एकेकाला बुक्का लावून पुढे सोडतात ना, तसंच आहे हे. पेशींना चमकणाऱ्या रसायनाचा बुक्का लावायचा आणि एकेक करून दिव्यासमोरून सोडायच्या. ज्या जातीच्या पेशींना तो चिकटतो, त्या चमकतात. न चमकणाऱ्यांचे ठिपके यंत्र डावीकडे काढतं, चमकणाऱ्यांचे उजवीकडे. आता हिचे बघा.”

भागोजी वाकला. त्याने ठिपक्यांवर बोट ठेवलं. “उजवीकडं?”

“जवळजवळ सगळे. औषधाला वठणीवर येणारी जात आहे ही. दोन-तीन वर्षं मुंबईच्या खेपा पडतील, केस जातील. खात्री मी देणार नाही. पण अशी निम्म्याहून जास्त पोरं आता शाळेत परत जातायत.”

मालनचा हात पिशवीतच राहिला. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो कागद कपाळाला लावून उभा होता, डोळे मिटून.

“डॉक्टरीणबाई,” तो म्हणाला, “मुंबईला पत्र लिवाल, तवा तिथल्या गुरवाला माझा नमस्कार कळवा.”