चार मात्रा

डॉक्टरांनी आधी हात धुतले. तिने पुढे केलेला टॉवेल न घेता स्वतःच्या रुमालाने पुसले, बोट न् बोट. मग म्हणाले, "काढ."

दातांचे डॉक्टर. तीस वर्षं तिच्या वडिलांचे मित्र, आणि तीस वर्षं त्यांच्याशी चढाओढ. लहानपणापासून ती त्यांना काका म्हणत आली होती. आज दार उघडताना तिच्या तोंडून 'या डॉक्टर' एवढंच निघालं होतं.

वडिलांना जाऊन वीस दिवस झाले होते. भिंतभर कपाट, कपाटभर रेकॉर्डी. एक-दोन रेकॉर्डी काढून मोडलेले, कुणाला नावही ठाऊक नसलेले बँड. रॉकच, पण जॅझच्या अंगाने जाणारं. एकेक तुकडा वीस-वीस मिनिटांचा, सात मात्रांत नाहीतर अकरात. चारात वाजवणाऱ्यांना दोघेही कवायतवाले म्हणत.

डॉक्टरांना हवी होती ती एकच रेकॉर्ड. बंद पडलेल्या एका रेडिओ स्टेशनच्या गोदामात, एका खोक्यात, तिच्या दोन प्रती निघाल्या होत्या. प्लास्टिकचं वेष्टनही न उघडलेल्या. एक वडिलांनी घेतली, एक डॉक्टरांनी. त्याच दिवशी ठरलं, कुणीच उघडायची नाही. जो आधी जाईल त्याची दुसऱ्याकडे जाईल. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. त्या बँडचा एक सूरही दोघांपैकी कुणी ऐकला नव्हता, आणि त्याच्यावर दोघांचे वाद मात्र रात्र-रात्र चालत.

तिने रेकॉर्ड काढून टेबलावर ठेवली. वेष्टन एका कडेने सरळ कापलेलं होतं.

डॉक्टर बराच वेळ त्या कापलेल्या कडेकडे पाहत राहिले.

"कुणी?"

"मी. बाबांनी सांगितलं म्हणून."

त्यांनी सांगितलं असणं शक्यच नाही, असं डॉक्टर म्हणाले. औषधांच्या गुंगीत माणूस काहीही बरळतो, ऐकणाऱ्याला अक्कल नको? ती म्हणाली, गुंगीत होते की नाही हे येऊन पाहता आलं असतं. आजारपणात डॉक्टरांचे दोनच फोन आले होते. एकदा कपाटामागच्या भिंतीला ओल आहे का हे विचारायला, एकदा कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारायला.

डॉक्टरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "झालं ते झालं. दे इकडे. माझी बंद राहील, ही निदान ऐकता येईल."

तिने रेकॉर्डवर हात ठेवला.

वेष्टन कापलं त्या दुपारी वडिलांना उशीला टेकवून बसवलं होतं. तिने सुई ठेवली. खरखर झाली, आणि एका पुरुषाचा खडा आवाज परक्या भाषेत आकडे मोजू लागला. मागे एक पियानो, टण टण टण टण. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. व्यायामाची रेकॉर्ड. कारखान्यात काहीतरी घोटाळा झाला होता; लेबल त्या बँडचं, आत कवायत. तिने घाबरून वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या अंगात तेवढा उजवाच हात हलत होता. त्याची बोटं उघडत होती, मिटत होती, आकड्यांबरहुकूम. मग ते हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. तिला दुसरी बाजूही लावायला लावली. तीही तशीच. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "त्याला सांगू नकोस."

दुसरी प्रत त्याच खोक्यातली होती.

"ही मिळणार नाही," ती म्हणाली.

"शब्द होता आमचा."

"मलाही बाबांनी एक सांगून ठेवलंय."

डॉक्टर हसले. दातांच्या खुर्चीत लहान मुलांकडे पाहून हसतात तसं. "तुझ्या बापाला कान नव्हता. मी जमवायचो म्हणून तो जमवायचा. मी सांगायचो तेव्हा त्याला कळायचं की हे चांगलं आहे. ही वस्तू त्याच्या घरात होती हेच जास्त झालं."

तिने रेकॉर्ड उचलली. एवढंच करायचं होतं. या माणसाच्या हातात द्यायची आणि दार लावून घ्यायचं. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी सुई ठेवली असती. तिने हात पुढे केला. डॉक्टरांची स्वच्छ धुतलेली बोटं कडेला लागली, तेव्हा तिने रेकॉर्ड पुन्हा मागे ओढली आणि छातीशी धरली.

"निघा तुम्ही," ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ती कद्रू आहे, अडाणी आहे, बापाच्या माघारी त्याचा शब्द फिरवते आहे, हे सगळं त्यांनी बूट घालता घालता सांगितलं. तिने ऐकून घेतलं. उंबऱ्यावर मात्र ते थांबले. तिच्याकडे न बघता, हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "सुरुवात कितीत आहे? मी अकरा म्हणायचो. तो तेरा."

ते हलेनात.

"चारात," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला होता.

"चारात," ते म्हणाले. "अगं, मोजायला तरी शिकायचं होतंस त्याच्याकडून."

ते जिना उतरू लागले. एकसारखी पावलं, सावकाश, न चुकता. ती रेकॉर्ड छातीशी धरून दारात उभी होती. तिच्या उजव्या हाताची बोटं उघडत होती, मिटत होती.