रेक्टर मॅडमचा फोन

सकाळी पुन्हा संयोगिताचाच फोन वाजला. स्क्रीनवर रेक्टर मॅडमचं नाव होतं. संयोगितानं पूजाकडे एकदा पाहिलं, फोन घेऊन ती गॅलरीत गेली आणि मागून काचेचं दार ओढून घेतलं.

पूजा पांघरुणातून बघत राहिली. अंगात ताप होता. पण आत जळत होतं ते वेगळंच.

करोनाची दुसरी लाट होती. साताऱ्याजवळच्या त्या विद्यापीठानं बाधित मुलींसाठी वसतिगृहाचा वरचा मजला राखून ठेवला होता. पूजा आणि संयोगिता तिथं एकाच खोलीत होत्या. रोज सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप यायचा. किती रुग्ण, कुणाला दवाखान्यात हलवलं, लस कुठं मिळेल, सगळं त्यात असायचं. खाली एक वाक्य ठरलेलं : विद्यापीठ तुमच्यापासून काहीही लपवणार नाही.

निरोप सगळ्यांना. फोन मात्र एकट्या संयोगिताला.

संयोगिता वाईची. मॅडमही वाईच्याच. पूजाला एवढं पुरेसं होतं. ती स्वतः माण तालुक्यातल्या एका वाडीवरची. तिच्या बोलण्याला वर्गात अजून कुणी ना कुणी हसायचं. संयोगिता कधी हसली नव्हती. त्याचाही पूजाला राग यायचा. मॅडमच्या घरून थर्मासमध्ये पेज यायची, तीसुद्धा संयोगिताच्या हाती. "घे गं, गरम आहे," ती म्हणायची. पूजा भिंतीकडे तोंड फिरवायची. दुसरीच्या वाटणीची माया तिला नको होती.

त्यात संयोगिता केव्हाच बरी झाली होती. बऱ्या झालेल्या बाकीच्या मुली घरी गेल्या, ही मात्र इथंच. लाडकी ना!

वडिलांशी बोलावं म्हणून पूजानं घरी फोन लावला. "आये, आबांकडं दे की."

"आबा शेरडं घेऊन डोंगराकडं गेल्यात. तितं रेंज न्हाई." आईचा आवाज बसलेला होता. "तू जेवतीस का न्हाई, ते सांग."

परवाही आबा डोंगराकडंच होते. पण पूजाचं लक्ष गॅलरीत होतं. काचेपलीकडं संयोगिता डोळे पुसत होती. बघा, फोनवर रडून दाखवायचं, म्हणजे मॅडम आणखी जपतील.

तिनं विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर फोन केला. तक्रार करणाऱ्याचं नाव तिथं गुप्त ठेवत. "रेक्टर मॅडम आपल्या गावच्या पोरीचे लाड करतात," ती म्हणाली. "बरी झालेली मुलगी आजाऱ्यांत ठेवलीय. हे कुठल्या नियमात बसतं?"

दुपारीच संयोगिताला खालच्या मजल्यावर हलवायला माणसं आली. "आणखी थोडे दिवस राहू द्या ना," ती काकुळतीनं म्हणत होती. कुणी ऐकलं नाही. जाताना ती दारात थांबली. "पूजा, काहीही झालं तरी मला हाक मार."

"कशाला?" पूजा म्हणाली.

खोली तिची एकटीची झाली. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन वाजला. रेक्टर मॅडम! पूजा उठून बसली. उगाचच केस सारखे केले.

"बोला मॅडम!"

"पूजा, बाळ, बसून घे." मॅडम म्हणाल्या. "तुझे आबा साताऱ्याच्या दवाखान्यात होते गं. ऑक्सिजनवर. पोरीचा ताप उतरेपर्यंत तिला सांगू नका, म्हणून तुझ्या आईनं फोनवर मला गळ घातली. रोज सकाळी मी संयोगिताला तुझंच विचारत होते. ताप किती आहे, खाल्लं का, आता सांगितलं तर सोसेल का. ती घरी जाणार होती. मीच थांबवून घेतलं. असलं काही कानावर येईल तेव्हा तू बंद खोलीत एकटी असू नयेस, एवढ्यासाठी."

"आबा आता कसे आहेत?" पूजानं विचारलं.

"आज पहाटे आबा गेले गं." मॅडम म्हणाल्या. "कुणी तक्रार केली, देव जाणे. संयोगिताच्या जागी दुसरी मुलगी पाठवतो म्हणाले होते. तुझ्याजवळ आत्ता कुणी आहे ना?"

"कुणी न्हाई, मॅडम," पूजा म्हणाली. "मीच तिला घालवली."