पॉइंटरावांचा होकार

“चपला आत घ्या,” दार उघडत काकू म्हणाल्या. “बाहेर दिसल्या की शेजारचे डोकावतात.”

तिकीटवाल्याने चपला उचलून आत ठेवल्या. साडेनऊ वाजले होते. नऊला काकूंचा फोन आला होता, लॅपटॉप घेऊन या, आज काम होतंय. लोकांना वीस वर्षं जगभर धाडून स्वतः कुठेच न गेलेला हा माणूस लगेच निघाला. हल्ली जो तो आपलं तिकीट आपणच काढतो. आलेलं गिऱ्हाईक सोडायचे दिवस नव्हते.

“साहेब?”

“आतच आहेत.” काकूंनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. “सकाळपासून तोंडातून शब्द नाही.”

“रागावलेत?”

“स्वभाव ठाऊक आहे ना तुम्हाला.”

ठाऊक कसा नसेल! सगळी इमारत त्यांना पॉइंटराव म्हणायची. भाजीपासून दाढीच्या ब्लेडपर्यंत सगळं ते क्रेडिट कार्डावर घेत, कारण दर खरेदीमागे बँक पॉइंट देई आणि पॉइंटांवर विमानाचं तिकीट फुकट निघे. शेजाऱ्याचा फ्रिज, मेहुण्याचा पलंग, पुतणीच्या लग्नाचा हॉलसुद्धा यांच्याच कार्डावर. त्यांच्याकडून रोख घ्यायची आणि पॉइंट आपल्याला ठेवायचे. अकरा वर्षांत इतके साठले, की माणूस पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला असता. पॉइंटराव कोपऱ्यावरच्या न्हाव्यापलीकडे गेले नव्हते.

काकूंची एकुलती एक लेक समुद्रापलीकडे होती. नातू चार वर्षांचा झाला, तो आजीने फोनच्या काचेतच पाहिलेला. काकू दर वर्षी विषय काढत. पॉइंटराव दर वर्षी म्हणत, “थांब, अजून वाढू देत.”

गेल्याच महिन्यात तिकीटवाल्याने याच खुर्चीत बसून त्यांना समजावलं होतं, “साहेब, वापरून टाका. घर वारसांना मिळतं, हे मिळत नाहीत. कार्डवाला गेला की कार्ड बंद, पॉइंट शून्य.”

“छान!” पॉइंटराव खूष झाले होते. “म्हणजे माझ्या मरणाकडे डोळे लावून बसणारं घरात कुणी नाही.”

त्यावर काकूही हसल्या होत्या.

“मग आज कसे काय तयार झाले?” त्याने विचारलं.

“झाले एकदाचे.” काकूंनी कार्ड टेबलावर ठेवलं.

“काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कार्ड त्यांचं, पॉइंट त्यांचे. त्यांचा होकार मला मिळायला हवा. उद्या माझी मानगूट धरली तर?”

“नाही धरणार,” म्हणत काकू आत गेल्या. दार लोटलं गेलं. आतून आवाज आला, “अहो, तिकीटवाले आलेत. बोलायचं नसेल तर निदान लिहून तरी कळवा त्यांना.”

मिनिटभराने तिकीटवाल्याचा फोन वाजला. पॉइंटरावांच्या नंबरावरून मेसेज होता : ‘हिचं एकटीचं काढा. मी येत नाही. फालतू चौकशा नकोत.’

तिकीटवाल्याचा जीव भांड्यात पडला. शेवटचं वाक्य वाचून तर शंकाच उरली नाही. इतक्या आपुलकीने लिहावं ते पॉइंटरावांनीच.

काकूंनी दोन कप चहा केला. एक त्याच्यापुढे ठेवला, दुसरा आत नेला.

“परवाची जागा आहे, काकू. खिडकीजवळची.”

“परवा नको. तीन आठवड्यांनंतरचं बघा. तोवर घरात माणसांची ये-जा असेल.”

“पाहुणे येणार वाटतं?”

“येतीलच.”

“आणि परतीचं?”

“पॉइंट पुरतील तितक्या उशिराचं.”

सहा महिन्यांनंतरचं मिळालं. आता बँकेचे सहा आकडे पॉइंटरावांच्या फोनवर येणार होते. तिकीटवाल्याने श्वास रोखला. गर्जना व्हायची असली तर ती आत्ताच. काकू पुन्हा आत गेल्या आणि दाराआडून एकेक आकडा सावकाश सांगत राहिल्या. नवऱ्याने हूं की चूं केलं नाही. संसार जुना झाला की अबोला हाही घरातला एक फर्निचरचा नग होतो. माणसं त्याला वळसा घालून कामं उरकतात. तिकीटवाल्याने आकडे भरले आणि बटण दाबलं.

“निघालं!”

काकूंनी चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

“आता रद्द नाही ना होणार?”

“तुम्ही स्वतः केलंत तरच.”

“आणि यांचं कार्ड बंद पडलं तर?”

“पडेना का! पॉइंट वळते झाले, तिकीट तुमच्या नावाचं. आता बँकेच्या बापाचंही काही चालत नाही.”

“बरं झालं. फार उपकार झाले, भाऊ.” काकूंनीच त्याच्या चपला उचलून पायाशी ठेवल्या. “निघा आता. मागच्या जिन्याने जा.”

आभार मानून कुणी इतक्या घाईने वाटेला लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण काम झालं होतं. लॅपटॉप काखोटीला मारून तो शीळ घालत उतरू लागला. एक मजला उतरला असेल नसेल, तोच वरती दार सताड उघडल्याचा आवाज झाला आणि काकूंच्या हंबरड्याने सगळा जिना दणाणला.

“धावा हो कुणीतरी! यांचं अंग गार पडलंय!”