गाडीखालची शेगडी

“आज शेगडी-बिगडी काय न्हाई,” असं म्हणत चाँद मिस्त्रीनं गाडीवरची गोधडी ओढली आणि बाजूला फेकली.

 विमलबाईंनी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. मोहनरावांचे डोळे गाडीवर होते, तोंड गप्प. दिवाळीत अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले होते, वाचा गेलेली नाही, पण आता त्यांनी आपणहून बोलायला हवं. जितका उशीर, तितकं अवघड. विमलबाईंनी सगळं करून पाहिलं. नातीला फोनवर गाणं म्हणायला लावलं, आवडीची धपाटी केली, मुद्दाम भांडण उकरून काढलं. माणूस ढिम्म. आयुष्यभर ज्या आवाजाला त्या वैतागल्या, तोच ऐकायला आता त्यांचा जीव तुटत होता.

आणि ही गाडी! दोन सीटची, उघड्या टपाची, लाल विलायती. मोहनरावांनी ऐन तारुण्यात हैदराबादच्या भंगारातून आणलेली आणि शाळासोबती चाँदनं पुन्हा उभी केलेली. पाटोद्यात थंडी पडली की तिचे लाड बघावेत. रात्री गोधडी, पहाटे इंजिनाखाली निखाऱ्यांची शेगडी, आतलं तेल पातळ झालं की मगच चावी. गार इंजिन कुणी सुरू केलं, तर मोहनराव त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. “माझ्या बाळंतपणात बाजेखालची शेगडी विझली, तवा ह्यांना पत्ता नव्हता,” असं विमलबाई अख्ख्या गल्लीला सांगत.

डिसेंबरातली कडाक्याची सकाळ होती. ऊन अजून चाँदच्या शेडपर्यंत आलं नव्हतं; दुखणं आल्यापासून गाडी तिथंच होती. चाँदनंच निरोप धाडला होता, मोहनला घेऊन या, गाडी सुरू करू. आणि आता हा शहाणा सरळ गाडीत जाऊन बसला, चावी घातली.

“चाँदभाई, असं काय करताय? त्यांचा जीव हाय तिच्यात,” विमलबाई म्हणाल्या.

“जीव? जीव असता तर बोलला नसता का, भाबी?” चाँद मोठ्यानं म्हणाला. “लई लाड झाले. आता गारच सुरू करतो, फुल रेस देतो. इंजिन गेलं तर गेलं. भंगारातून आलती, भंगारात जाईल.”

विमलबाई संतापल्या. आजारी माणसासमोर असं बोलतात? एवढ्या वर्षांची दोस्ती, आणि ही जीभ! त्या खुर्ची मागं वळवायला गेल्या, पण खुर्ची वळेना. मोहनरावांनी धड असलेल्या हातानं चाक घट्ट धरलं होतं.

चाँदनं चावीवर बोटं ठेवली. मोहनरावांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मोहनरावांचा जबडा हलला. मान लाल झाली. घशातून आधी नुसती घरघर आली.

“श... शेगडी... ठिव बे!”

विमलबाई मटकन खाली बसल्या. “बोललात! अगं बाई, बोललात की हो!” त्यांना रडू आवरेना आणि हसूही.

“ऐकू न्हाई आलं,” चाँद स्टिअरिंगवर मान घालून म्हणाला. “परत बोल.”

“गा... गाढवा! गार हाय... इंजिन!”

“हां. दे शिव्या. आणखी दे बे,” चाँद म्हणाला. 

विमलबाई पदरानं डोळे पुसत उठल्या. उठताना आधाराला म्हणून त्यांनी बॉनेटवर हात टेकला, आणि तो तिथंच राहिला. बॉनेट चांगलं गरम होतं.