दुकानातली नवी पाटी

बारा वर्षं शिलाई मशीन ती चालवत होती आणि गल्ला नवरा सांभाळत होता. मोबाईलवर पैसे घ्यायचे दिवस आले, तेव्हा दुकानातल्या क्यूआर कोडच्या पाटीवर खातंही त्याचंच लागलं. "तुला नाही जमायचं ते. एक बटण चुकलं की पैसे गेले हवेत," तो म्हणायचा, आणि तिलाही ते खरंच वाटायचं.

सुईत दोरा ओवेनासा झाला, तेव्हा चष्म्यासाठी तिने त्याच्यापुढे चौथ्यांदा हात पसरला. "बघू पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. कात्री खाली ठेवून ती तडक बँकेत गेली. तिथल्या मॅडमनी तिच्या नावाने खातं उघडलं आणि चार दुपारी शेजारी बसवून सगळं शिकवलं. तिने पाठवलेला पहिला एक रुपया मॅडमच्या फोनवर पोचला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

सोमवारी दुकानात नवी पाटी लागली. पहिल्या गिऱ्हाइकाने फ्रॉकच्या शिलाईचे पैसे भरले. नवऱ्याने सवयीने आपला फोन उचलला, पण वाजला तो मशीनवर ठेवलेला तिचा.

त्याचा चेहरा पडला, पण लगेच सावरून तो हसला. "शिकलीस की गं! आता तुझा पिन तेवढा सांगून ठेव. मी काय परका आहे?"

तिने मशीनच्या पायडलवर पाय ठेवला.



"मॅडमनी बजावलंय, पिन मागेल तो चोर समजायचा. घरातला असला तरी."