कॉलरची टाचणी

"उद्या पोराला जरा माणसात आणून उभं करा," एवढंच सरकारने फुकट दिलेला वकील जाताजाता आईला म्हणाला होता. काखेत फायलींचा गठ्ठा; त्यात पोराची कुठली, हे त्यालाही ठाऊक नसावं. आईने संध्याकाळी बाजार पालथा घातला आणि कोरा करकरीत पिवळा शर्ट आणला. आज कोर्टात साक्षीदार दुकानदार पिंजऱ्यातून म्हणाला, "अंधारात चोराचा चेहरा दिसला नाही, साहेब. शर्ट तेवढा पिवळा होता." सगळ्या माना पोराकडे वळल्या. दुकानदाराचं बोटही सावकाश उठलं. "हाच तो! शर्टही हाच!" आई ताडकन उठली. "अहो, शर्ट मी कालच घेतलाय! कॉलरला अजून टाचणी आहे!" "बाई, खाली बसा," शिपाई खेकसला. "तुमचे वकील बोलतील." न्यायाधीशांनी वकिलाकडे पाहिलं. "काही विचारायचंय?" पुढच्या आरोपीची फाईल उघडता उघडता वकील अर्धवट उठला. "काही नाही, साहेब."